एयांग ‘राहू दे’ म्हणाली तेव्हा

रेत्नो सोलो शहरात सतरा वर्षं नांदली, तरी मूळची ती सुराबायाची. तिकडच्या माणसाला पोटात एक आणि ओठात एक जमत नाही. सोलोत मात्र ‘नको’ म्हणणं ही नुसती रीत. समोरच्याने ते ऐकायचं नसतं. लग्नानंतरच्या पहिल्या ईदेला सासूबाई म्हणाल्या, "चहा राहू दे गं," आणि ही खुळी खरंच बसून राहिली. झालं! त्या न आणलेल्या चहाचं पुराण नणंदेने वर्षानुवर्षं लावलं. तेव्हापासून रेत्नोने कानाला खडा लावला. सोलोच्या माणसाने राहू दे म्हटलं, की मुकाट्याने करून मोकळं व्हायचं.

आणि नेमकं यंदाच ईदेच्या तोंडावर तिच्या लेकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागलं. किनासिह पंधरा वर्षांची, बॅडमिंटनमध्ये प्रांताच्या संघात निवडली गेलेली. गुडघा सुजायचा, मध्येच अडकायचा. आतला हाडाचा तुकडा कुर्चेसकट सुटून हलत होता. डॉक्टर वीर्यावाननी तो विरघळणाऱ्या खिळ्यांनी जागच्या जागी बसवला आणि बजावलं, "सांधला गेला तर पोर खेळेल. तोवर पायावर भार नाही, मांडी नाही, गुडघे टेकणं तर नाहीच नाही." रेत्नो रोज स्वतःच्या हाताने तिला उचलून न्हाऊ घालायची.

ईदेच्या सकाळी सगळं घर एयांगच्या, म्हणजे आजीच्या, रेत्नोच्या सासूबाईंच्या, खुर्चीपुढे जमलं. एकेकाने गुडघ्यांवर जायचं, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवायचं, वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. त्या डोक्यावर हात ठेवून म्हणायच्या, "माफ, सगळं माफ. मलाही माफ करा." किनासिहची पाळी आली. ती कुबड्यांवर उभी राहिली.

"तू राहू दे, पोरी," एयांग म्हणाल्या. "तिथूनच बोल."

नणंद पारवती गालातल्या गालात हसली. "हो बाई, खेळाडू माणसं! त्यांना कशाला वाकायला लावायचं?"

"खरंच राहू दे," एयांग पुन्हा म्हणाल्या. चेहऱ्यावर तेच नेहमीचं मंद हसू.

रेत्नोला तो चहा आठवला, ते हसणं आठवलं. आता लेकीच्या नावानेही तेच पुराण सुरू होणार! तिने पुढे होऊन कुबड्या काढून घेतल्या.

"इबू, अगं डॉक्टर म्हणालेत ना—" किनासिह आईला म्हणू लागली.

"क्षणभराचं काम आहे. मी धरते तुला. बस हळूच."

पोर आईचा शब्द मोडणारी नव्हती. ती बसली. गुडघा पुरता दुमडला, आणि आतून कट्कन आवाज आला, वाळकी काटकी मोडावी तसा. सगळ्यांनी ऐकला. मग किनासिह जी ओरडली, ती ओरडतच राहिली.

"मी नको म्हटलं होतं!" एयांग खुर्चीतून उठल्या. "दोनदा म्हटलं! नको म्हटलं होतं ना गं मी!"

सतरा वर्षांत रेत्नोने त्यांचा चढलेला आवाज कधी ऐकला नव्हता. म्हातारी खरं बोलली होती. मनापासून, प्रेमाने, अगदी सरळ! आणि आपण, सुराबायाच्या बाईने, ते खोटं धरलं.

डॉक्टर सणाचा बातिकचा सदरा तसाच अंगावर घेऊन धावत दवाखान्यात आले. फोटो काढले, पुन्हा दुर्बीण घालून पाहिलं. बाहेर आले तेव्हा रागावलेसुद्धा नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुकड्याचे तुकडे झालेत," ते म्हणाले. "आता बसवण्यासारखं काही उरलं नाही, काढून टाकले. हाडातला खड्डा भरायचं पुढे बघू. चालेल ती, बाई. पण खेळाची आशा धरू नका."

रेत्नो स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. हे मी केलं. या दोन हातांनी केलं.

संध्याकाळी किनासिहची गुंगी उतरली. तिला डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं. ती छताकडे बघत होती. रेत्नो खाटेजवळ फरशीवर गुडघे टेकून बसली. आईने लेकीपुढे असं बसलेलं त्या घराण्यात कुणी पाहिलं नव्हतं.

"चुकले गं मी. मला लोकांच्या हसण्याची भीती वाटली आणि मी तुझा पाय घालवला. माफ कर मला."

ईदेच्या दिवशी याला एकच उत्तर असतं. लहान पोरांनाही पाठ असतं.

"नाही," किनासिह म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज स्वच्छ होता. "आज नाही करणार माफ, इबू. कधी करेन ते मला माहीत नाही."

रेत्नोला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ती "बरं," म्हणाली, आणि तिथेच फरशीवर बसून राहिली.