जुन्याच वायरी

दीपकच्या कॉम्प्युटरच्या दुकानात रेवतीनं पिशवी काउंटरवर ठेवली तेव्हा ती भलतीच खुशीत होती. लग्नाचे व्हिडिओ करून देणाऱ्या बाईनं कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय स्वतःच्या हातानं बदलावा, ही बुलढाण्यात काही रोजची गोष्ट नव्हे. सप्लायचा जुना, जळालेला डबा तिनं परत आणला होता, आणि नव्या डब्यासोबत आलेल्या वायरींचं न फोडलेलं पाकीटही. कुणाच्या तरी कामी येईल, घरात अडगळ कशाला?

दीपकनं विचारलं, मग लावल्या कोणत्या? जुन्याच, ती म्हणाली. त्या कॅबिनेटच्या मागून नीट बांधलेल्या होत्या. चांगली बसलेली घडी विस्कटायची कशाला? तिनं नुसता डबा बदलला आणि त्याच वायरी त्यात खोचल्या. मदरबोर्डचं कनेक्टर, प्रोसेसरचं, हार्डडिस्कचं, एकूण एक तपासलं. सगळं टक्‌ करून बसलं होतं.

दीपकचा चेहरा उतरला. "वहिनी, चालू तं नाही केला ना?"

"अजून नाही."

"करू नका. डब्याकडचे भोकं सारखेच दिसते, पन आतली जोडणी दर कंपनीची येगळी रायते. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले, तं हार्डडिस्क जयून जाईन."

त्या हार्डडिस्कवर साखरखेर्ड्याच्या मयुरीचं लग्न होतं, आणि दुसरीकडे कुठेच नव्हतं. कॅमेऱ्याची कार्डं पुसून तिनं पुढच्या कार्यक्रमाला वापरली होती. सीझनमध्ये सगळेच तसं करतात, आणि एरवी निभावूनही जातं. मयुरीचे वडील कचरू लग्नानंतर पंधरवड्यातच गेले. पांढऱ्या कपड्यात, माईक हातात धरून, मांडवात त्यांनी स्वतः बुद्धवंदना म्हटली होती. चालते-बोलते कचरू आता तेवढेच उरले होते. उद्या मयुरी ते न्यायला येणार होती.

आणि घरी सासरे वैजनाथ भटजी एकटे होते. ते कुठलीही नवी वस्तू हळदकुंकू आणि मुहूर्ताशिवाय सुरू होऊ देत नसत. डब्यासाठीही त्यांनी साडेअकराचा मुहूर्त काढला होता. मला उशीर झाला तर तुम्हीच दाबा, असं रेवतीच सांगून आली होती. बटन कोणतं, तेही बोट लावून दाखवलं होतं. नवरदेवाचा मामा यायचा राहिला म्हणून या माणसानं कधी अक्षता अडवल्या नव्हत्या, तो सुनेसाठी कशाला थांबेल?

तिनं फोन लावला. वाजत राहिला. पूजेला बसताना सासरे फोन कपाटात कोंडून ठेवत, आणि या सवयीचं तिनं आजवर चारचौघांत कौतुकच केलं होतं. वायरींचं पाकीट उचलून ती रिक्षात बसली. रिक्षावाल्याला काही घाई नव्हती. ओळखीचा दिसेल तिथे तो हात करत होता. रेवतीला ओरडावंसं वाटलं. मयुरीला काय सांगायचं? तुझ्या बापाला मी पुसलं, असं?

घड्याळात साडेअकरा वाजून गेले तेव्हा रिक्षा अजून चौकातच होती.

दार लोटलं आणि धुराचा वास आला. कापूर की वायर, तिला कळेना.

सासरे कॉम्प्युटरसमोर पाटावर बसले होते. पडदा काळा होता. कॅबिनेटवर कुंकवाचं बोट होतं, खाली फोडलेला नारळ.

"बाबा, दाबलं?"

"मुहूर्त टळला," ते अपराध्यासारखे म्हणाले. "मशीन तुझं, मेहनत तुझी. पहिलं बटन मी काऊन दाबू? म्हटलं, येऊ दे तुला."

रेवतीनं आधी भिंतीतला प्लग उपसला आणि मग तिला रडू फुटलं. सासरे गोंधळले. मुहूर्ताचं एवढं मनावर घेऊ नको, म्हणाले. तिनं हुंदके देत सगळं सांगितलं: वायरी, बारा व्होल्ट, पुसलेली कार्डं, मयुरी, कचरू.

सासऱ्यांनी पाट मागे सरकवला. मग उजव्या हाताकडे बघत हळूच म्हणाले, "दोनदा बोट ठेवलं होतं गं मी त्या बटनावर."

बोटाला अजून कुंकू होतं. रेवतीनं तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला.