पंख्याखालची खुर्ची

“तुम्ही वाकू नका, पंखेकाका. मी घालतो त्यांना बूट.” मॅनेजर धावतच आला.

“अरे, वाकता यावं म्हणून तर पोटाला भोकं पाडून घेतली,” असं म्हणत ते बुटक्या स्टुलावर बसले आणि गिऱ्हाइकाच्या पायाशी वाकले. दुकान क्षणभर थांबलं. गल्ल्यावरची मुलगीसुद्धा मान उंचावून बघायला लागली. काही झालं नाही. नाडी बांधून ते सरळ झाले, तेव्हा मॅनेजरनेच निःश्वास सोडला आणि सवयीने पंख्याचं बटण दाबलं.

“बंद कर रे. थंडी वाजतेय.”

हे वाक्य त्यांच्या तोंडून या दुकानात पहिल्यांदाच निघालं होतं. चपला-बुटांच्या या दुकानात त्यांचं आयुष्य गेलं, आणि त्यातली बरीच वर्षं पंख्याखाली. कुणाच्या पायात बूट चढवायला वाकावं, आणि कधी एकाएकी छाती धडधडायला लागावी. डोकं ठणकायचं, चेहरा कागदासारखा पांढरा पडायचा, शर्ट पाठीला चिकटायचा. मग पंख्याखालची खुर्ची. थोड्या वेळात सगळं शांत. दवाखान्यात पोचेपर्यंत रक्तदाबही शहाण्यासारखा वागायला लागलेला. डॉक्टर म्हणायचे, “मनाला फार लावून घेऊ नका.” बायको म्हणायची, “काळीजच सशाचं, त्याला औषध कुठलं?”

मालकांनी मॅनेजरची जागा देऊ केली तेव्हा टेबलाखाली पडलेलं पेन उचलायला ते वाकले, आणि उठले ते निथळतच. मालक हळहळले. “राहू दे बाबा. जबाबदारीचं नुसतं नाव काढलं तर ही गत!” जागा त्यांच्याच हाताखाली शिकलेल्याला गेली, आणि खरं सांगायचं तर त्यांना हायसंच वाटलं. आपण भित्रे आहोत, हे त्यांनी पायाच्या मापासारखं एकदाच मोजून मान्य करून टाकलं होतं.

स्वतःपुरतं मान्य केलं असतं तर चाललं असतं.

त्यांची मुलगी रेल्वेचं इंजिन चालवायची परीक्षा पास झाली, त्या संध्याकाळी ती थेट दुकानात आली होती. “बाबा, जाड तळव्याचे काळे बूट काढा. ट्रेनिंगला तेच लागतात.” त्यांनी खोका काढला, तिचा पाय मापाच्या पट्टीवर ठेवला आणि वाकले. उठल्यावर तिनेच पर्समधून रुमाल काढून त्यांचं कपाळ पुसलं. शाळेत असल्यापासून तिच्याजवळ बाबांसाठी एक वेगळा रुमाल असायचा.

पंख्याखाली बसून ते म्हणाले, “हे आपल्या रक्तातच आहे गं. माझ्या वडिलांचंही असंच व्हायचं. एक दिवस तुझ्या छातीत असं धडधडलं, तर मागच्या डब्यांतल्या माणसांनी काय करायचं?”

ती वाद घालेल असं त्यांना वाटलं होतं. तिने बूट खोक्यात ठेवून झाकण लावलं. खोका परत फळीवर गेला. आता ती स्टेशनात माइकपुढे बसून गाड्यांच्या घोषणा करते. दुसऱ्यांनी चालवलेल्या गाड्यांच्या.

मग मागच्या उन्हाळ्यात एका नर्सबाईंना बूट दाखवताना त्यांना तसंच झालं. बाईंनी त्यांचं मनगट धरलं, आणि एका पायात नवा बूट, दुसऱ्यात जुनी चप्पल अशा थाटात त्यांना शेजारच्या दवाखान्यात ओढत नेलं. “आत्ता मोजा. आत्ताच्या आत्ता!” आकडा बघून तिथल्या डॉक्टरांनी यंत्र बदलून पाहिलं. आकडा तोच. पुढे दिवसभराची लघवी कॅनमध्ये साठवून तपासणी झाली, पोटाचा स्कॅन झाला आणि गाडी मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंपुढे येऊन थांबली.

“मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते, अधिवृक्क ग्रंथी,” त्या म्हणाल्या. “समोर साप दिसला की छाती धडधडते ना, ते रसायन तिथून येतं. तुमच्या ग्रंथीत लिंबाएवढी गाठ आहे. साप नसतानाही ती ते सोडत बसते. वाकलात की दाबली जाते, मग आणखीच.”

“म्हणजे मी भित्रा नाही?”

“ते तुमच्या मिसेसना विचारा,” त्या हसल्या. “भीती तुमच्या शरीराला वाटत होती, एवढं मी सांगू शकते.”

मिसेस शेजारीच बसल्या होत्या. त्या दिवसापासून त्यांनी सशाचं नाव काढलं नाही. घर इतकं गप्प झालं की पंखेकाकांनाच करमेना.

काही आठवडे रक्तदाब काबूत आणायच्या गोळ्या, मग ऑपरेशन. गाठ गेली. पण त्यांच्या रक्ताच्या तपासणीत एक दोष निघाला, मुलांमध्ये उतरू शकणारा. “मुलीचंही रक्त तपासा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “दोष असला तर लक्ष ठेवता येईल. नसला तर प्रश्नच मिटला.” त्यांचे स्वतःचे वडील चालता-बोलता गेले होते, ते यानेच का, हे विचारायला आता कोणी नव्हतं.

आज तिचा रिपोर्ट येणार होता. काही निघू नये, काही निघू नये, असं ते सकाळपासून मनात घोकत होते. आणि निघालंच तर? तर निदान तेव्हा आपण खोटं बोललो नव्हतो... हा विचार कुठूनसा आला मात्र, ते दचकून उठले आणि स्वच्छ असलेले खोके पुसायला लागले.

दुपारच्या सुट्टीत ती आली, दारातूनच हसत. “काही नाही सापडलं, बाबा! रक्त एकदम चोख. मला काही कोणी पंखेताई म्हणणार नाही आता.”

मॅनेजरने टाळी वाजवली. गल्ल्यावरच्या मुलीने चहा सांगितला. ते हातातल्या फडक्यासकट तसेच उभे.

“काहीच नाही?”

“काहीच नाही.”

“म्हणजे तेव्हाही नव्हतं.”

तिचं हसू जरा खाली बसलं. “तेव्हा कुणाला माहीत होतं, बाबा?”

“ती परीक्षा परत एकदा...”

“वय उलटून गेलं त्याचं. आणि माझ्या आवाजाशिवाय हलते का एक तरी गाडी?” ती बसली, चप्पल काढून पाय पुढे केला. “चला, बूट दाखवा. ते जाड तळव्याचे.”

“बसून तर काम तुझं.”

“असू दे. घालून बसेन.”

त्यांनी खोका काढला. मापाची पट्टी लागली नाही, तिचं माप पाठ होतं. स्टुलावर बसून ते वाकले. बूट चढवला. नाडी एकेका भोकातून ओवली, ओढली, गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. छाती अगदी शांत होती. गाठ केव्हाच बसली होती, तरी त्यांनी मान वर केली नाही.

“बाबा?” तिने घाईघाईने पर्स उघडली. तो वेगळा रुमाल अजून तिथेच होता. “परत होतंय का?”

“नाही गं,” खालूनच हात पुढे करत ते म्हणाले. “उकडतंय जरा.”

बाहेर रस्त्यावर लोक स्वेटर घालून चालले होते. मॅनेजरने पंखा लावला.