निम्मे शिंपले

नणंदेला कुठलीही गोष्ट बेतानं करायची सवयच नव्हती. शिंपले शेवाळावर जगतात आणि कोंबडीखतानं शेवाळ वाढतं, एवढं तिच्या कानावर पडलं आणि बाईंनी वहिनीला न विचारता तळ्यात चार पाट्यांऐवजी चाळीस पाट्या खत ओतलं. अति तिथं माती. आठवड्यात पाणी हिरवंगार आणि दाट झालं. एका सकाळी वहिनीनं तळ्यात सोडलेल्या जाळीच्या पिशव्या वर ओढल्या, तर सत्तर शिंपले तोंड वासून मेलेले होते. बाकीचेही हवेवाचून त्याच वाटेवर होते.

ते दोन हजार शिंपले वहिनीनं स्वतः एकेक करून उघडले होते. फट नखाएवढीच ठेवायची, जास्त ताणलं की जीव गेलाच. मग आत मणी बसवायचा आणि त्यावर मोत्याचा थर चढायची वाट बघायची. चौदा महिने झाले होते, आणखी चार हवे होते.

नणंदेचा उपाय सोपा होता. तळ्याची मोरी उघडायची, घाण पाणी ओढ्यात सोडायचं, बोअरचं ताजं भरायचं. वाहतं पाणी काय, जाईल वाहून.

वहिनी मोरीच्या दारावर जाऊन बसली. नणंदेचा तिला असा राग आला होता की बोलायचीही सोय नव्हती. पण खालची वस्ती त्याच ओढ्याचं पाणी पीत होती, आणि तळ्यातले शिंपलेही मुळात तिथूनच आणलेले होते.

"पाणी इथून हलणार नाही," ती म्हणाली. "शिंपले कमी करू. निम्मे काढले तर तळ्यातला हवेचा पंप उरलेल्यांना पुरेल."

"आणि काढलेले ठेवणार कुठे?"

"ठेवायला दुसरं तळं नाही, आणि या घाणीतले ओढ्यातही सोडायचे नाहीत. फोडायचे."

नणंदेनं बरंच ऐकवलं. हातातोंडाशी आलेला घास म्हणाली, वेड लागलंय म्हणाली, शेवटी भावाला सांगेन म्हणाली. वहिनीनं जागेवरूनच सुरी मागितली. नणंद सुरी आणि पहिली पिशवी घेऊन आली, आणि चुकलं माझं, असं पाण्याकडे बघत पुटपुटली.

वहिनीनं शिंपला फोडला. थर इतका पातळ होता की आतला मणी दिसत होता.

"हा कोण घेणार?" नणंदेनं विचारलं.

"कोणी नाही," वहिनी म्हणाली. "पुढचा दे."