धुरातली चाचणी

"नाना, हवा किती?"

धुराने भरलेल्या सरावाच्या खोलीत गुडघ्यांवर रांगताना नानांनी टाकीतली हवा दाखवणाऱ्या छातीवरच्या काट्याकडे पाहिलं. ऐंशी.

"दीडशे," ते म्हणाले.

मागून येणाऱ्या जोडीदार मुलीने विश्वास ठेवला. न ठेवून करते काय? अग्निशमन दलात तिला सात महिने झाले होते आणि नानांना सव्वीस वर्षं.

तीन महिन्यांपूर्वी एका गोदामाच्या आगीत छत अंगावर आलं. तेव्हापासून तोंडावर मुखवटा चढवला की नानांचा श्वास भात्यासारखा चालायचा आणि पाठीवरची टाकी निम्म्या वेळात रिकामी व्हायची. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोने काही विचारलं की तिच्यावरच खेकसायचे. आज वार्षिक चाचणी होती. सत्तर किलोचा पुतळा धुरातून ओढून आणला तर आगीच्या गाडीवर राहायचं, नाहीतर निवृत्तीपर्यंत उरलेली चार वर्षं ऑफिसात फोन उचलायचे. नियम एवढाच, की एकाची हवा शंभराखाली गेली की दोघांनी परत फिरायचं.

पुतळा सापडला. नानांनी खांदे धरले, तिने पाय. दोन हात ओढला असेल-नसेल, नानांच्या बोटांतलं बळच गेलं. दार कुठल्या बाजूला होतं तेही आठवेना.

"डावीकडे ना, नाना?"

"गप्प बस! कळतं मला!"

ती गप्प बसली, आणि नानांची पाचावर धारण बसली. ती बोलत होती तोवर निदान सोबत कुणी आहे असं वाटत होतं.

तेवढ्यात त्यांच्या टाकीची शिट्टी वाजली. हवा संपत आल्याची.

"अहो, दीडशे होती ना?"

"ऐंशी होती. खोटं बोललो. मला... मला फार भीती वाटतेय गं."

तिने चाचपडत त्यांचा दंड धरला. "मग तो पुतळा सोडा आधी. माझ्याबरोबर मोजा. चारपर्यंत मोजत श्वास सोडायचा. एक, दोन..."

मोजत मोजत, भिंत धरून दोघं बाहेर आले.

"पुतळा कुठाय?" चाचणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं.

"सर, माझ्याच मुखवट्याचा पट्टा सैल झाला होता, म्हणून..." मुलगी घाईघाईने म्हणाली.

"तिचं ऐकू नका साहेब," नाना म्हणाले. "मी हवा खोटी सांगितली. आग खरी असती तर ही माझ्यापायी गेली असती. लिहा, नापास."

"नाना, पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू की."

"आधी आजचं लिहा."

साहेबांनी लिहिलं आणि कागद पुढे केला. सही करताना नानांचा हात चांगलाच कापत होता. दलातले सगळे बघत होते. नानांनी तो लपवला नाही.