पाहुण्यांसाठी ठेवलेली लाकडं

पंढरीनाथांच्या पुण्यातल्या घरात चांगली वस्तू वापरायची पद्धत नव्हती. सोनेरी काठाच्या सहा कपबशा काचेच्या कपाटात पंचवीस वर्षं दिमाखात बसून होत्या. त्या पाहुण्यांसाठी. पाहुणे येत, चहा पीत. पण हे काही तसे पाहुणे नव्हेत, यावर नवराबायकोचं दर वेळी एकमत होई आणि चहा रोजच्याच कपांतून जाई. तसे पाहुणे म्हणजे नेमके कोण, हे दोघांनाही माहीत नव्हतं. पंढरीनाथ महाविद्यालयात ग्रंथपाल होते. तिथेही, नवं पुस्तक वाचकाच्या हाती पडण्यापेक्षा कपाटात राहिलेलं बरं, असंच त्यांचं मत होतं.

पंढरीनाथांच्या पत्नी जयमालाबाई गेल्या, तेव्हा त्यांच्या कपाटात एक पश्मिना शाल निघाली. अकरा वर्षांपूर्वी काश्मीरच्या सहलीत घेतलेली, घडीही न मोडलेली. शेवटचे चार महिने त्यांना घरीच ऑक्सिजन लावलेला होता. सारखं गार वाटायचं, आणि तरी त्या एका विटक्या चादरीत गुरफटून बसायच्या. शाल कोणालाच आठवली नाही. ही गोष्ट पंढरीनाथांना फार लागून राहिली होती, पण ते कोणाशी बोलले नव्हते. नोव्हेंबरात लेकीकडे जपानला निघताना त्यांनी ती शाल बॅगेत घातली. नीलिमाने ती गालाला लावली, थोडी रडली, आणि मग नीट पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिली. आईचीच लेक ती.

नीलिमा मात्सुमोतोच्या विद्यापीठात जमिनीतल्या बुरशीवर संशोधन करत होती. जावई शशांक नागोयाला मोटारींच्या कारखान्यात, आला तर शनिवार-रविवार यायचा. शहराबाहेर डोंगराच्या पायथ्याशी एक जुनं लाकडी घर त्यांनी भाड्याने घेतलं होतं. सकाळी पारा उणे आठवर असायचा आणि घराच्या भिंती जेमतेम भिंती म्हणाव्यात अशा. मधल्या खोलीत मात्र आधीच्या भाडेकरूने बसवलेला काचेच्या दाराचा लोखंडी स्टोव्ह होता. त्याचं धुराडं थेट छपरातून वर गेलेलं.

लेकीच्या घरी तीन महिने राहायचं म्हणजे पंढरीनाथांना अवघडल्यासारखं होतं. भाषा येत नाही, बाजारहाट जमत नाही. कचऱ्याच्या सात प्रकारांनी तर पहिल्याच आठवड्यात त्यांची फजिती केली होती. सोफ्यावर बसून आयतं खायचं, हे त्यांना मुलाच्या घरीही रुचलं नसतं, हे तर लेकीचं. म्हणून चौथ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की स्टोव्ह आपण सांभाळू. नीलिमाला हायसं वाटलं, आणि बाबांना काम मिळालं. त्या घरात त्यांचं म्हणावं असं ते एकच काम होतं.

ते त्यांनी मन लावून केलं. लाकडं होती ती शशांकने ऑक्टोबरात आणलेली. वादळात पडलेलं ओकचं झाड कोणीतरी फुकट नेऊ दिलं, त्याने ते कापून परसात रचलं. पेटायला जरा हट्टी, पण एकदा पेटली की पंढरीनाथ लगेच स्टोव्हच्या दाराखालची हवेची दांडी डावीकडे ओढायचे. गॅस बारीक कर, हे शब्द त्यांनी उभ्या जन्मात इतक्या वेळा ऐकले होते की आग दिसली की ती बारीक करायची, हे त्यांच्या हाताला आपोआप कळे. मग लाकूड आतल्या आत धुमसत राही, टोकांतून फेस येई, बारीक चुरचुर आवाज होई. तो आवाज त्यांना सोबतीसारखा वाटायचा. काच काळी व्हायची, ती ते रोज सकाळी ओल्या कागदाला राख लावून घासत. संध्याकाळी नीलिमा आली की, आज तीनच लाकडांत दिवस काढला, हे ते तिला न चुकता सांगत. घर फारसं ऊबदार नसायचं, पण ती कोट न काढता कौतुक करायची.

डिसेंबरच्या सुरुवातीला शेजारचे मियाझावा-सान दारात आले. सत्तरी ओलांडलेला, वेताच्या काठीसारखा सरळ माणूस. हातात सुतळीने बांधलेली लाकडांची मोळी. वाकून काहीतरी बोलले, त्यातलं पंढरीनाथांना फक्त 'दोऽझो', म्हणजे 'घ्या', एवढं कळलं. लाकडं काय सुरेख होती! एकसारखी फोडलेली, फिक्या रंगाची, टोकांना चिरा पडलेल्या, आणि वजनाला इतकी हलकी की पंढरीनाथांना नवल वाटलं. दोन एकमेकांवर आपटली तर टणकन आवाज यायचा. असली लाकडं काय रोज जाळायची असतात? त्यांनी ती सुतळीसकट पुढच्या ओसरीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशी मांडून ठेवली, आणि परतफेड म्हणून बेसनाचे लाडू पाठवले.

आठवड्याने दुसरी मोळी आली. पंढरीनाथांनी ती पहिलीवर रचली आणि चिवडा पाठवला. ख्रिसमसच्या सुमाराला तिसरी आली. असे शेजारी मिळायला भाग्य लागतं, असं नीलिमाही म्हणाली. शशांक आणि त्याचे साहेब कधी आले तर ही लाकडं काढू, असं पंढरीनाथांनी मनाशी ठरवलं होतं. साहेब अर्थातच कधी येणार नव्हते.

जानेवारीत एका सकाळी वाडीच्या मंडळाची फिरती पाटी आली. पुठ्ठ्याला चिमट्यात लावलेल्या सूचना घरोघर फिरतात, वाचून सही करायची आणि पुढच्या घरी न्यायची, अशी तिथली रीत. नीलिमाने बूट चढवता चढवता नजर फिरवली. बर्फ काढायचे दिवस, कचऱ्याचं बदललेलं वेळापत्रक, लाकूड जाळणाऱ्यांनी धुराची काळजी घ्यावी. दर वर्षीचंच असणार, असं म्हणून ती निघून गेली. पंढरीनाथांनी चौकटीत देवनागरीत झोकदार सही केली, सोबत लाडवांचा डबा घेतला आणि पाटी द्यायला मियाझावांकडे गेले.

दार त्यांच्या बायकोने उघडलं. फुमिको-सानना त्यांनी याआधी पाहिलं नव्हतं. लहानखुऱ्या बाई, हसतमुख, आणि नाकात ऑक्सिजनची नळी. पारदर्शक नळी त्यांच्यामागे लांबवर घरात गेली होती, कुठेतरी यंत्राचा एकसुरी श्वास ऐकू येत होता. तो आवाज पंढरीनाथांच्या ओळखीचा होता. चार महिने रात्रंदिवस ऐकलेला. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. तिथल्या खिडकीच्या कडा चारी बाजूंनी रुंद चिकटपट्टीने बंद केलेल्या दिसत होत्या. ती खिडकी नीलिमाच्या घराकडची होती.

डबा देऊन ते वळले. आजवर आपलं धुराडं त्यांनी आपल्याच अंगणातून, खालून पाहिलं होतं. आता पहिल्यांदाच ते शेजारच्या पायरीवरून दिसलं. आकाश निळं लख्ख होतं आणि त्या निळ्यात आपल्या छपरातून जाड, पिवळट धूर निघत होता. वर जायची त्याच्यात ताकदच नव्हती. तो छपरावरून खाली वळत होता आणि सरळ त्या पट्टी लावलेल्या खिडकीवर येत होता. आणि त्याच छपराखाली, ओसरीवर, सुतळी न सोडलेल्या तीन मोळ्या हारीने मांडलेल्या होत्या.

पंढरीनाथ तिथेच उभे राहिले. लाकडं कशासाठी दिली होती, ते त्यांना आता उमगलं: धुमसणारी सोडून ही कोरडी जाळावीत म्हणून. माणूस तीन वेळा येऊन वाकून सांगून गेला होता, आणि आपण त्याचं सांगणं शोभेला मांडून ठेवलं होतं. लाडू पाठवले होते. त्यांना इतकी शरम वाटली की घरी येऊन बूट काढायचंही सुचेना.

संध्याकाळी नीलिमा आली तेव्हा स्टोव्ह गार पडला होता. बाबा अंधारात कोट घालून बसले होते.

"नीलू, मला यापुढे स्टोव्हला हात लावू देऊ नकोस," ते म्हणाले, आणि पाहिलेलं सगळं सांगितलं.

नीलिमाचा चेहरा उतरला. त्या वाडीत लाकूड जाळणारी घरं दोनच होती, त्यातलं एक पार टोकाला. सूचना सगळ्यांना होती, पण होती त्यांच्यासाठीच, हे आता तिलाही दिसलं. सात वर्षं या देशात काढून मला कळू नये, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. लगेच जाऊन माफी मागून आली. मियाझावा-सान छे छे म्हणत नुसते हात हलवत राहिले.

रॉकेलचा हीटर निघाला. दोन दिवस पंढरीनाथ त्याच्यासमोर सोफ्यावर बसून राहिले. नीलिमाने आणून दिलेला चहा प्यायले, वाढलेलं जेवले. ज्याची भीती होती ते झालं होतं; लेकीच्या घरी ते पाहुणे झाले होते. परतीला अजून पाच आठवडे होते. लवकरचं तिकीट मिळतं का बघ, असं त्यांनी शुक्रवारी तिला सहज म्हणावं तसं म्हटलं. ते सहज नव्हतं, हे तिला कळलं.

शनिवारी सकाळी मियाझावा-सान आले. सोबत मोळी नव्हती. त्यांनी गार स्टोव्हकडे पाहिलं, काळ्या काचेकडे पाहिलं, आणि नीलिमाला विचारलं की दोन दिवस धुराडं का बंद आहे. तिने कारण सांगितलं. मग ते बराच वेळ हळू आवाजात बोलले. नीलिमा ऐकत राहिली, आणि सांगायला लागली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता.

"बाबा, ते म्हणतायत, ती लाकडं त्यांनी स्वतःच्या घरासाठी फोडली होती. चार वर्षांपूर्वी. दोघं म्हातारपणी शेकत बसू म्हणून वाळवत ठेवली. मागच्या वसंतात फुमिको-सानना ऑक्सिजन लागला. आता त्यांच्या घरात काडीसुद्धा ओढता येत नाही. स्टोव्ह काढून टाकलाय. लाकडं तशीच पडून आहेत."

पंढरीनाथ म्हणाले, "त्यांना सांग, मी ती पाहुण्यांसाठी ठेवली होती."

हे कसं सांगावं, म्हणून नीलिमा घुटमळली. पण बाबांनी मान डोलावली, आणि तिने सांगितलं. मियाझावांनी पंढरीनाथांकडे रोखून पाहिलं. त्यांच्या तोंडावरची एक रेघ हलली. ते दोनच शब्द बोलले आणि ओसरीकडे चालू लागले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मी आलोय."

सुतळी त्यांनी स्वतः सोडली. मग गुडघे टेकून कामाला लागले, आणि पंढरीनाथ शेजारी बसले. जाड लाकडं खाली, त्यावर बारीक, त्याच्याही वर काड्या, आणि आग सगळ्यात वरून लावायची. पंढरीनाथांनी आयुष्यभर विस्तव खालून पेटताना पाहिला होता, तरी त्यांनी काडेपेटी पुढे केली. ज्वाळा वरून खाली उतरत गेली, खालून निघणारा धूर तिच्यातूनच जाऊ लागला आणि जळून गेला. आग चांगली भडकली तसा पंढरीनाथांचा हात सवयीने दांडीकडे गेला. मियाझावांनी तो हळूच धरला. हवा उघडीच राहू द्यायची. थोडीच लाकडं, पण कोरडी, आणि ती मोकळेपणी जळू द्यायची. लोखंड तापलं की मग बेताने कमी करायचं. जीव कोंडून जाळलं तर लाकूड वाचत नाही, त्याची ऊब नुसती धूर होऊन जाते. शशांकच्या ओल्या ढिगाला अजून दोन उन्हाळे लागतील, आणि तोवर मियाझावांच्या शेडमधली पुरून उरतील.

अर्ध्या तासात काच आपोआप स्वच्छ झाली. खोली अशी तापली की नीलिमाने या हिवाळ्यात पहिल्यांदाच घरात कोट काढला. मियाझावांनी पंढरीनाथांना खूण करून बाहेर नेलं आणि वर बोट दाखवलं. धुराड्यातून काहीच निघत नव्हतं. निरखून पाहिलं तर तोंडाशी हवा नुसती थरथरत होती आणि तिच्यापलीकडचा डोंगर किंचित हलत होता.

समोरच्या खिडकीत फुमिको-सान उभ्या होत्या. नवऱ्याने हात केला. त्यांनी थोडा वेळ वर धुराड्याकडे पाहिलं, मग नखाने चिकटपट्टीचं टोक सोडवलं. एक बाजू निघाली, मग दुसरी. खिडकी वीतभर उघडली. त्या बाहेर तोंड करून तशाच उभ्या राहिल्या, नळीसकट. पंढरीनाथांना ते बघवेना आणि नजरही काढवेना.

घरात आल्यावर त्यांनी नीलिमाकडे शाल मागितली. फुमिको-सानना द्यायची असेल, असं समजून तिने पिशवीसकट आणून दिली. पंढरीनाथांनी पिशवी बाजूला टाकली, घडी मोडली आणि शाल लेकीच्या खांद्यावर घातली.

"आज? घरात?" ती म्हणाली. "राख उडेल हिच्यावर, बाबा."

"उडू दे," ते म्हणाले. "तुझ्या आईला गार वाटत होतं गं. शाल घरातच होती."

नीलिमाने ती अंगाभोवती घट्ट लपेटून घेतली. अकरा वर्षांच्या घडीच्या रेघा काही गेल्या नाहीत. पंढरीनाथ ओसरीवर जाऊन दुसऱ्या मोळीची सुतळी सोडायला बसले.