टाचेतली दुर्बीण

तेर गावच्या शिवारात तूर टोकायची म्हटलं की पहिलं बोलावणं धुरपदाबाईच्या टाचेला यायचं. बाकीच्या बाया खड्ड्यात बी टाकायच्या आणि मागून धुरपदाबाई टाचेनं माती दाबत जायची. एकदा तिच्या टाचेखाली चुकून चपलेचं बक्कल दाबलं गेलं, तर चौथ्या दिवशी त्याला दोन पानं फुटली. सांगणारे अजून हयात आहेत. पाहणारे तेवढे वारले.

ती टाच दीड वर्षं ठणकत होती. सकाळी पहिलं पाऊल टेकवलं की बाभळीचा काटा थेट मेंदूत जायचा. शेकून झालं, गोळ्या झाल्या, टाचेत सुई झाली, चपलेत मऊ गादी झाली. शेवटी धाराशिवच्या डॉक्टर महेश्वरी म्हणाल्या, "मावशी, तळपायाचा पडदा ताठ झालाय. दुर्बिणीतून थोडा मोकळा करू. संध्याकाळी घरी."

दुर्बीण! धुरपदाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं दुर्बीण जन्मात एकदाच पाहिली होती, शाळेत चंद्र दाखवायला आणलेली. तीन पायांची, बैलाच्या जुवाएवढी लांब.

परतताना एसटीत तिनं सुनेला हळूच विचारलं, "हर्षाले, दुर्बीण कशाला असती गं?"

"लांबचं बघायला."

"मग माझी टाच तर बाईंच्या हाताशी हाय. म्हंजी त्या लांबून कापणार?"

"आत्याबाई, आवं बारीक नळी असती ती."

"मग नळी म्हणायचं! दुर्बीण कशाला म्हणल्या?"



उरलासुरला जीव शेजारच्या शिवशरणनं काढला. ओट्यावर टेकत तो म्हणाला, "काकू, बेंबळी गावात एकाची केली की. टाचेतून घातली, गुडघ्यातून बघितली. आता चालताना त्याची टाच रिकाम्या घागरीवानी वाजती."

"आत्याबाईंना भिववू नका वो," हर्षाली आतून ओरडली. पण घागर वाजायची ती वाजली होती.

"आतून पोकळ झाली तर माती दाबंल का गं ती?" धुरपदाबाई टाच दोन्ही हातांत धरून म्हणाली. "बी वरच ऱ्हाईल. पाखरं खातील. मग मला कोण बोलवंल?"

तरी ती गेली, कारण काटा काही मेंदूतून निघत नव्हता. टेबलावर ती डोळे घट्ट मिटून आई तुळजाभवानीला हाका मारत पडली. घोट्याजवळ सुया टोचल्या, मग पाय कुणा दुसऱ्याचाच असल्यासारखा गप्प झाला.

"झालं, मावशी."

"आन् दुर्बीण कवा आणणार?"

"आणली, घातली, काढली. दोन टाके पडलेत."

खाटेवर आणल्यावर तिनं चादरीखाली टाच गादीवर दाबून पाहिली. काहीच नाही. दुसऱ्या पायानं चाचपली. पट्ट्यांचा मऊ बोळा, आत गपगार. 

"हर्षाले! टाच न्हाय गं! बाईंनी टाच काढून नेली!"

"आत्याबाई, सुईनं बधिर केलंय. उतरंल."

"न्हाय, न्हाय. आत चिंध्या भरल्यात. शिवशरण खरं बोलला गं!"

दोन वाजले, तीन वाजले. चहा आला, निवला. धुरपदाबाई टाच दाबायची, कान देऊन बसायची. उत्तर नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तर आपले दोन्ही पाय पोटाशी घेतले.

साडेचारला टाचेत एक मुंगी चालली. मग दहा. मग आतून धाडकन एक कळ उठली, आणि धुरपदाबाईनं अशी आरोळी ठोकली की म्हणतात, रस्त्यावरची एसटी थांबली.

डॉक्टर धावत आल्या. "दुखतंय का, मावशी?"

"दुखतंय!" तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "लई दुखतंय, बाई! जागेवर हाय!"

"थांबा, गोळी देते."

"दम धरा वो," धुरपदाबाई पट्टीवरून हात फिरवत म्हणाली. "जरा दुखू द्या."