दोघांच्या मधली मी

मी गरम पाण्याची पिशवी बोलतेय. लाल रबराची, औषधाच्या दुकानातून आणलेली. जन्म साच्यात झाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते या घराबद्दल.

इथे नवरा-बायको एकमेकांशी बोलत नव्हते. अकरा वर्षं! कारण विचाराल तर दोघंही छताकडे बघतील. तो बसस्थानकावर गाड्या पुकारायचा. अख्ख्या गावाला त्याचा आवाज पाठ. ती बिस्किटांच्या कारखान्यात दिवसभर उभ्याने खोकी भरायची, त्यात कंबर कामातून गेलेली. शेजारी म्हणायचे, "किती शांत घर हो!" आणि ही दोन मोठी माणसं त्यावर चक्क खूश व्हायची.

बोलणं व्हायचं ते मुलीमार्फत. "तुझ्या बाबांना सांग, साखर संपलीय." "तुझ्या आईला सांग, मला डोळे आहेत." तिघं एकाच खोलीत, बरं का!

आणि स्पर्श माझ्यामार्फत. तो मला भरायचा, चटका बसतो का ते स्वतःच्या गालाला लावून बघायचा आणि पलंगाच्या कडेला ठेवायचा. तिच्या हातात कधी दिलं नाही.

गेल्या महिन्यात मुलगी भडकली. "मी काय तुमची पोस्टमन आहे? बसा गप्प जन्मभर!" कॉलेज आधीच सोडलं होतं, आता घर सोडलं. तिचं काय चुकलं?

सवय मात्र जाईना. दोघं तिच्या रिकाम्या खुर्चीशी बोलू लागली.

आज दुपारी त्याच्या बायकोने मला कमरेऐवजी छातीवर घेतलं. तो दारात थबकला.

"तिला विचार," खुर्चीला म्हणाला, "आज छातीवर कशाला?"

"सांग त्यांना, गॅस झालाय. पाणी जरा कडक हवं म्हणावं."

माझ्याखालचं अंग गार घामाने चिंब झालं होतं. मला कळत होतं, पण मला तोंड कुठे? त्याला होतं. हातही दोन होते. कपाळाला नुसता हात लावला असता, तरी कळलं असतं. तो मला उचलून निमूट पाणी तापवायला गेला. परत आला, तेव्हा मला घ्यायला तिचा हात पुढे आला नाही.

संध्याकाळी मुलगी धावत आली. "बाबा, आई जाण्याआधी तुम्हाला काहीच म्हणाली नाही? कुठे दुखतंय, काय होतंय?"

"मला कशाला सांगेल? तुला सांगितलं तिने," खुर्चीकडे बोट दाखवत तो म्हणाला.

मुलगी मला त्याच्या मांडीवर आपटून निघाली. आत्ता जिना उतरतेय.

तो मान खाली घालून बसलाय. गार पाण्याने फुगलेल्या मला दोन्ही हातांनी धरून पुटपुटतोय, "तिला सांग, थांब म्हणावं."

अरे, मला काय सांगतोस? जिन्याला अठराच पायऱ्या आहेत. ऊठ!